लाकडी रॅकेट आणि चढता चेंडू

श्रोतेहो, नमस्कार.

नोव्हेंबर २०१२ मधली गोष्ट आहे. पुण्याला बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात महिला टेनिसची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली होती. त्या आठवड्यात एक दिवस मीही जाऊन बसलो होतो. फलकावर नाव झळकलं, ‘दाते’. शेजारच्या गृहस्थांनी लगेच माझ्याकडे वळून विचारलं, “सोलापूरच्या का हो? पंचांगवाल्यांपैकी?”

त्यांना म्हटलं, नाही हो, या जपानच्या. क्योटोच्या. किमिको दाते. वय वर्षं ४२.

गृहस्थ चांगलेच गप्प झाले. मग म्हणाले, “४२? आमच्या हिचं वय झालं की हो.”

दाते त्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेली. समोर युक्रेनची एलिना स्वितोलिना होती, १८ वर्षांची. दाते पहिल्यांदा निवृत्त झाली तेव्हा ही पोर दोन वर्षांची होती. सामना पोरीनं जिंकला, ६-२, ६-३. पुढे ती जगात तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली, तेव्हा त्या हरण्यात कमीपणा काही नव्हता.

पण मला आठवतो तो दातेच्या खेळाचा आवाज. रेडिओवर बोलतोय म्हणून आवाजाचंच सांगतो. कुठल्याही टेनिस सामन्यात डोळे मिटून बसा. चेंडूचा टप्पा पडतो, टप्. मग थोडी उसंत, आणि रॅकेट लागते, टक्. टप्... टक्. टप्... टक्. दातेच्या बाजूला ती मधली उसंतच नव्हती. टप्-टक्. टप्-टक्. चेंडू जमिनीवरून उसळून वर चढत असतानाच, जेमतेम गुडघ्याएवढा आला की ती मारायची. रॅकेट फारशी मागे न नेता, फटका सपाट, आणि पाय बेसलाइन, म्हणजे कोर्टची मागची रेघ, सोडून एक पाऊल मागे जायला तयार नाहीत. बाई जन्मानं डावखुरी, खेळते मात्र उजव्या हातानं.

निवृत्तीनंतर परतलेल्या आणखी एकाची गोष्ट सांगायला आता तुम्हाला २१ वर्षं मागे नेतो. एप्रिल १९९१, मॉन्टे कार्लो. तांबड्या मातीचं कोर्ट. स्वीडनचा ब्यॉन बोर्ग परत आला होता.

ज्यांनी सत्तरचं दशक पाहिलंय त्यांना बोर्ग कोण ते सांगायला नको. विम्बल्डन सलग पाच वेळा, फ्रेंच ओपन सहा वेळा. १९८१ मध्ये विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन अशा दोन्ही अंतिम लढतींत अमेरिकेच्या जॉन मॅकेन्रोनं त्याला हरवलं. अमेरिकन ओपनच्या त्या पराभवानंतर तो बक्षीस समारंभालाही थांबला नाही. पुढच्या वर्षी त्याला कमी स्पर्धा खेळायच्या होत्या. संयोजकांचा नियम होता, वर्षाला किमान दहा खेळा, नाहीतर पात्रता फेरीतून या. बोर्गला पात्रता फेरीतून यायला सांगणं म्हणजे भीमसेनांना ऑडिशन द्यायला बोलावण्यासारखं. २६ व्या वर्षी गडी निवृत्त झाला.

आणि ३४ व्या वर्षी परत आला. मधल्या काळात कपड्यांचा व्यवसाय बुडाला होता, वर्तमानपत्रांत नको ते छापून आलं होतं. केस तसेच लांब, शरीर तसंच सडपातळ, आणि हातात लाकडी रॅकेट! १९९१ मध्ये! तोवर सगळं जग ग्रॅफाइटवर गेलं होतं. लाकडी रॅकेटची जाळी लहान आणि वजन जास्त. समोर स्पेनचा जॉर्डी अरेसे होता, मातीवरचा चांगला खेळाडू, पण बोर्गच्या मानानं कुणीच नाही. बोर्ग २-६, ३-६ असा हरला.

लोक आजही त्या रॅकेटला हसतात. मला ते पटत नाही. नंतर त्यानं ग्रॅफाइटही हातात घेऊन पाहिली, तरी पुनरागमनातला एकही सामना तो जिंकला नाही. शेवटचा सामना नोव्हेंबर १९९३ मध्ये, मॉस्कोत, अलेक्झांडर वोल्कोवविरुद्ध. तिथं मात्र तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये, म्हणजे ६-६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेममध्ये, त्याच्या हातात मॅच पॉइंट होता. तो एक गुण मिळाला असता तर आज आपण ही गोष्ट वेगळी सांगत असतो. पण मिळाला नाही.

मला वाटतं, त्याचं दुखणं वेगळंच होतं. बोर्गनं जेव्हा चेंडूला तो जबरदस्त टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेची फिरकी, द्यायला सुरुवात केली, चेंडू जाळीवरून हातभर उंच जाऊन पलीकडे धप्पकन खाली उतरायला लागला, तेव्हा समोरच्याला कळेना काय करावं. पण १९९१ पर्यंत जगातला प्रत्येक पोरगा तेच शिकून मोठा झाला होता. दोन हातांचा बॅकहँड, भरपूर टॉपस्पिन, बेसलाइनच्या मागे उभं राहून न थकता खेळणं. बोर्गची विद्या सगळ्यांनी उचलली होती, आणि ती ग्रॅफाइटनं त्याच्यापेक्षा जोरात वापरत होते. गुरुजी परत आले तेव्हा वर्गात प्रत्येकाच्या पाटीवर त्यांचंच अक्षर होतं, फक्त जास्त ठसठशीत.

दातेचं नेमकं उलट झालं. १९९६ मध्ये, जगातल्या पहिल्या दहांत असताना, २६ व्या वर्षी ती सोडून गेली. त्याच वर्षी तिनं स्टेफी ग्राफला जपानमध्ये, फेड कप या देशादेशांतल्या स्पर्धेच्या लढतीत, तिसरा सेट १२-१० असा जिंकून हरवलं होतं. मग विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत ग्राफशीच एकेक सेट झाला, आणि अंधार पडला म्हणून सामना दुसऱ्या दिवसावर गेला. दुसऱ्या दिवशी ग्राफ जिंकली. पुढे दातेनं लग्न केलं, नवरा जर्मन, मोटार शर्यतींतला चालक. १२ वर्षांनी, २००८ मध्ये, ३७ व्या वर्षी ती परत आली. सुरुवात जपानमधल्या छोट्या स्पर्धांपासून.

या मधल्या काळात तिचा तो चढत्या चेंडूवरचा सपाट फटका कुणी उचललाच नव्हता. कोण उचलणार? फार जोखमीचा. वेळ जराशी चुकली की चेंडू थेट जाळीत. प्रशिक्षक पोरांना सुरक्षित टॉपस्पिन शिकवत राहिले. त्यामुळे विशीतल्या मुलींसमोर दाते आली तेव्हा त्यांच्या दृष्टीनं तो फटका नवाच होता. आपण मारल्यावर पुन्हा जागेवर यायला जो वेळ मिळतो असं त्यांनी गृहीत धरलं होतं, तो वेळच ही बाई खाऊन टाकायची. सप्टेंबर २००९ मध्ये सोलची स्पर्धा तिनं जिंकली, त्या दिवशी तिचं अडतिसावं संपायला एक दिवस होता. दुसऱ्या दिवशी ती ३९ ची झाली. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये दिनारा साफिना, आणि चाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी टोकियोत मारिया शारापोवा. दोघीही एकेकाळच्या अव्वल क्रमांकाच्या.

२०११ चं विम्बल्डन. सेंटर कोर्टवर छप्पर ओढलेलं, समोर व्हीनस विल्यम्स. दातेनं पहिल्या सेटमध्ये ५-१ अशी आघाडी घेतली आणि पुढे तो सेट टायब्रेकवर जिंकलाही. शेवटी व्हीनस तिसऱ्या सेटमध्ये ८-६ अशी सुटली. पावणेतीन तासांच्या वर सामना चालला.

आता कुणी म्हणेल, मग बेल्जियमच्या किम क्लाइस्टर्सचं काय? तिची गोष्ट माझ्या या हिशेबात बसत नाही. ती दोनच वर्षं बाहेर होती, मुलगी झाली, आणि २००९ मध्ये परतल्यावर तिसऱ्याच स्पर्धेत अमेरिकन ओपन जिंकली. दोन वर्षांत खेळ काही बदलत नाही. तिच्यापुढची अडचण कागदावरची होती. टेनिसची क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांच्या गुणांवर ठरते. वर्षभर खेळला नाहीत की पाटी कोरी. म्हणून तिला वाइल्ड कार्डनं घ्यावं लागलं, म्हणजे संयोजकांच्या मर्जीनं.

या वाइल्ड कार्डवरून कुरबुर होतेच, आणि ती अगदीच चुकीची नाही. मार्टिना नवरातिलोवाला २००४ मध्ये ४७ व्या वर्षी विम्बल्डनच्या एकेरीत असाच प्रवेश मिळाला, तेव्हा ही एका तरुण मुलीची जागा गेली असं बोललं गेलं. मार्टिनाबाईंनी पहिली फेरी ६-०, ६-१ अशी जिंकली. दुसऱ्या फेरीत हरल्या, पण पहिला सेट घेऊन. त्याआधीच्या वर्षी तर त्यांनी ऑस्ट्रेलिया आणि विम्बल्डन, दोन्हीकडे मिश्र दुहेरी जिंकली होती, जोडीला आपला लिअँडर पेस. पेस कुटुंब मूळचं गोव्याचं, त्यामुळे तिकडच्या श्रोत्यांनी यात आपला वाटा खुशाल धरावा.

दातेचा शेवट सांगायचा राहिला. २०१६ मध्ये गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाल्या. तरी ती परत आली. सप्टेंबर २०१७, टोकियो, वय ४७ ला टेकलेलं. शेवटचा सामना ०-६, ०-६ असा हरली. घरच्या प्रेक्षकांसमोर एकही गेम नाही. पण २६ व्या वर्षी पहिल्या दहांत असताना जी कंटाळून गेली होती, ती या वेळी पार तळ दिसेपर्यंत खेळली.

आणि सेंटर कोर्टवर तिला हरवणारी व्हीनस? जुलै २०२५ मध्ये, १६ महिन्यांच्या खंडानंतर, वॉशिंग्टनला कोर्टवर उतरली. वय ४५. निवृत्ती तिनं कधी जाहीर केलीच नव्हती. समोरची पेटन स्टर्न्स २३ ची, आणि व्हीनसनं तिला सरळ दोन सेटमध्ये हरवलं. सामन्यानंतर कोर्टवरच विचारलं, परत का आलीस? तर म्हणाली, आरोग्य विम्यासाठी. सारखी डॉक्टरकडे जाते, विमा हवाच ना!

नमस्कार.