तेरा दात्यांची जोडी

(दृश्य: तळहातावर झिजलेला गिअर, अगदी जवळून. मागे लेथचा आवाज.)

हा गिअर. दाते मोजले तर तेरा भरतात. मोजताना बोट जरा जपून फिरवायचं, कारण दात्यांच्या कडा सुरीसारख्या झाल्यात. नवा होता तेव्हा याच दात्यांचे माथे चांगले पसरट होते. इंजिन नव्यानं बांधल्यावर हजार किलोमीटरही चाललेला नाही हा.

(दृश्य: उद्यमनगरची गल्ली, सकाळ. एका शेडचं शटर वर जातं.)

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं इथे आजही घरातल्या वडीलधाऱ्यांची घ्यावीत तशी घेतली जातात. विहिरीवरच्या ऑइल इंजिनापासून गुऱ्हाळाच्या घाण्यापर्यंत जे जे फिरतं, ते कधी ना कधी या गल्ल्यांमध्ये दुरुस्तीला येऊन गेलंय. आज शेडमध्ये एक जुनी शेवरले इम्पाला उभी आहे. जुन्या मोटारींचं कोल्हापूरला अप्रूप. दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा सोनं लुटायला आलेल्या गर्दीच्या माना आधी गाडीकडे वळतात. या इम्पालाला तसा मान नाही. ती एका घराची गाडी आहे.

(दृश्य: डॅशबोर्डवर चिकटवलेला जुना फोटो. दहा सेकंद. निवेदन नाही.)

बॉनेटखाली आठ सिलिंडर, चार-चारच्या दोन तिरप्या रांगांमध्ये. ३५० घन इंच, म्हणजे ५.७ लिटर. शेवरलेच्या या इंजिनाचं घराणं १९५५ सालचं. दोन रांगांच्या मधल्या खोबणीत खाली कॅमशाफ्ट बसतो, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. त्याच्या मागच्या टोकाला तिरपे दाते कापलेले असतात आणि सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा गिअर वरून उतरून त्या दात्यांत अडकतो.

डिस्ट्रिब्युटर फिरवायला ताकद ती किती लागणार, असं वाटतं. पण डिस्ट्रिब्युटरचा दांडा तिथे संपत नाही. त्याच्या खालच्या टोकाला आणखी एक दांडी जोडलेली असते, ती थेट तळाच्या ऑइल पंपात जाते. अख्ख्या इंजिनाचं ऑइल या तेरा दात्यांच्या जिवावर वर चढतं.

आता हिशेब बघा. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेतं तेव्हा कॅमशाफ्ट निम्म्या वेगानं फिरतो, ३,००० फेरे. सेकंदाला पन्नास. कॅमच्या गिअरला तेरा दाते, डिस्ट्रिब्युटरच्या गिअरलाही तेराच. त्यामुळे प्रत्येक दात्याची जोडी ठरलेली आहे. पहिल्या दिवशी जो ज्याच्यासमोर आला, तो आयुष्यभर त्याच्याच अंगावर घासणार, सेकंदाला पन्नास वेळा. म्हणून या दोघांचं धातूशी धातू जमलं पाहिजे.

इथे जमलं नाही. इंजिन नव्यानं बांधताना मालकांनी अमेरिकेहून रोलर कॅमशाफ्ट आणवला. डिस्ट्रिब्युटर जुनाच ठेवला, आणि त्याच्या बुडाशी जुना, ओतीव लोखंडाचा गिअर. गिअरही बदला, ही सूचना कॅमच्या खोक्यातल्या कागदावर होती. कागद खोक्यातच राहिला.

(दृश्य: शेडमधला दिवा बंद होतो. ग्राइंडर. अंधारात ठिणग्या.)

शेडच्या मिस्त्रींनी दिवा घालवायला सांगितला. कॅमेऱ्यासाठी नव्हे, त्यांनाच ठिणगी नीट बघायची होती.

आधी त्यांनी जुना कॅम दगडाला लावला, शेवटच्या टोकाला, जिथे कशाचंच काम पडत नाही. ठिणग्या आखूड, लालसर, दगडाजवळच विझणाऱ्या. हे सीआय. उद्यमनगरात ओतीव लोखंड असं कुणी म्हणत नाही, सीआयच म्हणतात. मग नव्या कॅमचं टोक लावलं, हलक्या हातानं. लांब, पांढऱ्या रेघा, पुढे जाऊन फुटणाऱ्या, दिवाळीतल्या फुलबाजीसारख्या. हे स्टील. दोन सेकंदांचा खेळ आहे, पण गिअर कशाचा घ्यायचा याचं निम्मं उत्तर यातच मिळतं. लेथवर हाच फरक वेगळा दिसतो. सीआयचा भुगा पडतो, स्टीलची गुंडाळी निघते.

रोलर कॅम स्टीलचाच का, तेही इथे कळतं. जुन्या पद्धतीत कॅमच्या लोबवर, म्हणजे फुगवट्यावर, सपाट बुडाचा टॅपेट घासत चालतो आणि व्हॉल्व्हला ढकलतो. त्या घसरणीला सीआय मानवतं, कारण त्याच्या अंगात ग्रॅफाइट असतं आणि ते ऑइलही धरून ठेवतं. रोलर कॅममध्ये टॅपेटच्या बुडाला छोटं चाक असतं. चाक लोबला एका रेषेपुरतंच टेकतं आणि वरच्या दणकट स्प्रिंगचा सगळा भार त्या रेषेवर येतो. सीआय तिथे टिकत नाही. म्हणून ८६२० सारखं स्टील घेतात, त्याच्या कातडीत कार्बन मुरवून ती कडक करतात. घासणं कमी होतं, लोबचा चढ उभा करता येतो, व्हॉल्व्ह लवकर उघडतो, इंजिन जास्त ताकद देतं. सगळं खरं. पण मागचा गिअर त्याच दांड्यावर कापलेला असतो. लोबसाठी स्टील घेतलं की गिअरही आपोआप स्टीलचा होतो. आणि सीआयचा गिअर त्याच्यापुढे किती दिवस टिकतो, ते आपण सुरुवातीला तळहातावर बघितलं.

ऑइल पंप थांबला तर बेअरिंग जातात, क्रँक जातो, इंजिन जाम होतं. हे इंजिन थोडक्यात वाचलं.

(दृश्य: मिस्त्रींच्या हातात गुऱ्हाळाच्या घाण्याचा जुना बुश.)

गिअर अजून कडक घ्यायचा का, असं मालकांनी विचारलं. मिस्त्रींनी कोपऱ्यातून घाण्याचा बुश उचलून आणला, गनमेटलचा, म्हणजे ब्रॉन्झच्याच एका जातीचा, एका बाजूनं खाल्लेला. म्हणाले, "शाफ्ट म्हाग हाय, बुश स्वस्त. दोघांतलं एक झिजणारच. मग कुणी झिजायचं ते आपुन ठरवायचं की, मालक."

या फिल्मसाठी आम्ही पाच दिवस उद्यमनगरात होतो. हे वाक्य ऐकलं आणि मला पुस्तकातलं सगळं आकळलं. कॅमशाफ्ट बदलायचा म्हणजे अर्धं इंजिन उतरवायचं. डिस्ट्रिब्युटरचा गिअर एक क्लॅम्प सोडून वर काढता येतो. मग झीज गिअरच्या वाट्याला द्यायची, मात्र ती सावकाश आणि आपल्या नजरेखाली.

रस्ते आणखी आहेत. काही स्टील कॅमवर कंपनीच सीआयचा गिअर वेगळा दाबून बसवते, तिथे जुना गिअर खुशाल चालतो. म्हणून कॅम कसला आहे यावर थांबायचं नाही, त्याचा गिअर कसला आहे ते विचारायचं. वितळलेल्या क्षारांच्या कुंडात नायट्रायडिंग केलेला, म्हणजे कातडीत नायट्रोजन मुरवून कडक केलेला, स्टीलचा गिअर मिळतो. खास प्लास्टिकचेही गिअर निघालेत. १९८७ पासून शेवरलेनं मोटारींच्या या इंजिनात कारखान्यातूनच रोलर टॅपेट दिले, तेव्हा डिस्ट्रिब्युटरचा गिअरही त्या कॅमला मानवेल असाच दिला. रोज चालणाऱ्या गाडीला कडक केलेला स्टीलचा गिअर बरा, हे मिस्त्रीही मान्य करतात. तो बाहेरून मागवावा लागतो. ही गाडी रविवारची आहे, आणि ब्रॉन्झचा गिअर कोल्हापुरात होऊ शकतो. आम्ही शिरोलीला निघालो.

(दृश्य: शिरोली एमआयडीसी. छोटी फाउंड्री. खड्ड्यातली भट्टी, हिरवट ज्वाळा.)

इथे आसपास शेकडो फाउंड्र्या आहेत, बहुतेक लोखंडाच्या. ही ब्रॉन्झची, लहानशी. मुशीत वितळतंय ते अॅल्युमिनियम ब्रॉन्झ. शंभरात ऐंशीच्या आसपास तांबं, दहाच्या आसपास अॅल्युमिनियम, उरलेलं निकेल आणि लोखंड. साधं पितळ इथे चालत नाही, फार मऊ पडतं. या ब्रॉन्झमध्ये ताकद आहे, आणि स्टीलच्या अंगावर ते चिकटत नाही, ओरबाडत नाही. स्टील त्याच्यावरून फिरलं की आधी तेच झिजतं.

लोखंड ओतायला १,४०० अंशांच्या आसपास जावं लागतं, याला १,१५० पुरतात. पण हे मेटल जास्त मानी. त्यातलं अॅल्युमिनियम हवेला लागलं की वर साय धरते. बघा, मोल्डरनं सळई फिरवली की ती बाजूला सरकते आणि खालचं सोनं दिसतं.

(दृश्य: ओतकाम. संथ. पूर्ण वेळ द्यावा.)

ओतताना धार उंचावरून पडली, उसळली, तर ही साय दुमडून आत जाते. वरून कास्टिंग चकाचक दिसतं, आणि दाता नेमका तिथेच तुटतो. म्हणून मूस साच्याच्या तोंडाला टेकवून कलती करतात. घरी दूध ओतताना साय पळीनं अडवावी, तशी हा माणूस साय अडवतो. धार कुठेही तुटत नाही. आवाजही येत नाही. थंड होताना हे मेटल बरंच आकसतं, म्हणून वर जाडजूड रायझर, म्हणजे जादा मेटलचा साठा, ठेवलाय, आतली तहान भागवायला.

असं ओतणारी माणसं कमी होत चाललीत.

(दृश्य: पुन्हा उद्यमनगर. कार्बन पेपरवर जुना गिअर लोळवला जातो.)

तिरप्या दात्याचा कोन जमला नाही तर सगळी मेहनत फुकट. जुना गिअर मधे झिजलाय, पण दात्यांच्या दोन्ही टोकांना, जिथे कॅम पोचतच नव्हता, तिथे मूळ आकार शिल्लक आहे. मिस्त्रींनी कार्बन पेपरवर तो सरळ लोळवला. खालच्या पांढऱ्या कागदावर तेरा तिरप्या रेघा उमटल्या. त्यावरून कोन काढला, मग मोजमाप, मग दाते कापणारं हॉबिंग मशीन. ब्रॉन्झची बारीक सोनेरी कीस उडते आणि पहिला दाता दिसायला लागतो.

मधलं भोक अर्ध्या इंचाचं धरून चालणार नव्हतं. या घराण्यात दोन मापांचे दांडे येतात, ०.५०० इंच आणि ०.४९१ इंच. हा ०.४९१ चा, साडेबारा मिलिमीटरला किंचित कमी. गिअर दांड्यावर चढवून आरपार पिन ठोकायची. त्याआधी गिअरवरची खोलगट टिकली रोटरच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या फिरत्या हाताच्या, टोकाच्या दिशेला आहे ना, ते बघायचं. तेरा विषम आकडा आहे. गिअर उलटा बसला तर अर्धा दाता चुकतो आणि टायमिंग लावताना माणूस वेडा होतो.

दांड्याला खाली-वर हलायला दहा-पंधरा थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जागा हवी, ती शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून जुळवली. मग दात्यांना निळा रंग लावून डिस्ट्रिब्युटर आत सोडला, इंजिन हातानं दोन फेरे फिरवलं, पुन्हा वर काढला. रंग पुसला गेलाय तो दात्याच्या मधोमध. मिस्त्री काही बोलले नाहीत. गिअर त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरला, तेवढंच.

(दृश्य: ड्रिल मशीनला लांब दांडी. ऑइल प्रेशरचा काटा.)

इंजिन सुरू करण्याआधी ऑइल वर चढवायचं असतं. डिस्ट्रिब्युटरच्या जागी दांडी घालून ऑइल पंप ड्रिलनं फिरवतात. आवाज ऐका. आधी मोकळा, हलका. मग पंपात ऑइल भरतं आणि ड्रिल एकदम जड होतं. धरणाऱ्याच्या मनगटाला ओढ बसते, दंडाची शीर वर येते. मिनिटाला हजारो फेऱ्यांना हीच ओढ तो गिअर सोसतो. गरज नसताना मोठा पंप बसवला की ओढ वाढते, म्हणून मालकांनी घेतलेला मोठा पंप मिस्त्रींनी परत खोक्यात ठेवलाय.

काटा वर चढला. वर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरांमधून ऑइल पाझरायला लागलं.

(दृश्य: इंजिन सुरू होतं. मालकांचा चेहरा. निवेदन नाही.)

(दृश्य: आठवड्यानंतर. फिल्टर कापून कागद उलगडलेला.)

पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर फिल्टर कापला. कागदाच्या घड्यांमध्ये बारीक सोनेरी चमक आहे, चिमटीत धरता येणार नाही इतकी. ब्रॉन्झ जोडीदाराशी जमवून घेताना एवढं देतं. मिस्त्रींनी कागद उन्हात तिरपा धरून बघितला. "एवढी चालतीया. वाढली तर फोन करा."

मग एअर क्लीनरच्या झाकणावर मास्किंग टेप चिकटवून त्यांनी पेननं लिहिलं: गिअर बघणे, १,५०० कि.मी. शिरोलीच्या त्या ओतीव तुकड्यातून तीन गिअर निघाले होते. उरलेले दोन तेलकट कागदात गुंडाळून डिकीत ठेवलेत.