कोळी, अर्क आणि पानाची खालची बाजू

(दृश्य: काकडीचं पान, वरून)

पानावर सुईनं टोचल्यासारखे फिकट ठिपके आहेत. अन्नद्रव्याची कमतरता समजून बरेच जण इथेच खताकडे वळतात. आधी पान उलटा आणि दहापट भिंग लावा.

(दृश्य: भिंगाखाली पानाची शीर)

शिरेच्या कडेनं फिरणारे हे पिवळसर जीव मोठे झाल्यावरही जेमतेम अर्धा मिलिमीटर भरतात. अंगावर दोन्ही बाजूंना एकेक काळा डाग. तो रंग कातडीचा नाही. पारदर्शक अंगातून पोटातला ऐवज दिसतोय. पाय आठ, म्हणजे हा कीटकही नव्हे. हा दोन ठिपक्यांचा कोळी. पेशीत सुई खुपसून हरितद्रव्यासकट रस ओढतो आणि वर जाळी विणतो.

हवा गरम, कोरडी असली की आठवड्या-दहा दिवसांत अंड्याचा प्रौढ होतो. मादी शंभरावर अंडी घालते. नर भेटला नाही तरी घालते. त्या अंड्यांतून फक्त नर निघतात. या नरांत जनुकांचा एकच संच असतो, त्यामुळे विषाला दाद न देण्याचा गुण झाकून राहत नाही, पटकन निवडला जातो. नव्वदहून अधिक रासायनिक घटकांना या कोळ्यानं कुठे ना कुठे दाद दिलेली नाही.

म्हणून वनस्पतींचे अर्क. त्यांत निंबोळी अर्क सगळ्यांत जुना आणि जाणता. त्यातला मुख्य प्रभावी घटक, ॲझाडिरॅक्टिन, 1968 मध्ये वेगळा काढला गेला. प्रयोगशाळेत तो पूर्ण घडवायला रसायनशास्त्रज्ञांना 2007 साल उजाडलं. कडुनिंब तो दर हंगामात बनवतोय.

(दृश्य: भिजत घातलेला निंबोळी चुरा)

पाच टक्के अर्कासाठी पाच किलो निंबोळी चुरा रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवायचा, सकाळी वस्त्रगाळ करायचा आणि एकूण शंभर लिटर द्रावण करायचं. सोबत दोनशे ग्रॅम साबणाचं पाणी, नाहीतर थेंब जाळीवरून आणि पानाच्या मेणावरून घरंगळून जातात. ॲझाडिरॅक्टिन उन्हात लवकर विघटतो, म्हणून फवारणी संध्याकाळी. केलेला अर्क साठवून ठेवू नये.

दुसऱ्या दिवशी कोळी चालतानाच दिसतील. इथेच अर्क बदनाम होतो. ॲझाडिरॅक्टिनचा भर जागीच मारण्यावर नाही. कोळ्याचं खाणं मंदावतं, कात टाकणं बिघडतं, अंडी कमी पडतात. पानं जाळीनं मढल्यावर हाती घेतलेल्या अर्काकडून मग फारशी अपेक्षा ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अंडी बऱ्याच अंशी वाचतात, त्यामुळे पाच-सात दिवसांनी दुसरा हात द्यावाच लागतो.

तेलांची तऱ्हा वेगळी. कडुनिंबाचं तेल साबणात नीट फेटून फवारलं की अंड्यांवर आणि कोळ्यांवर थर बसतो आणि ते गुदमरतात. अट एकच: थेंब त्यांच्यापर्यंत पोचला पाहिजे. नोझल खालून वर धरा. वरून नुसतं पीक भिजवलं तर पाणी आणि कष्ट दोन्ही वाया. गंधकाच्या फवारणीच्या आगेमागे तेल वापरू नका, पानं करपतात. रोझमेरीसारखी सुगंधी तेलंही कोळ्यावर चालतात, पण उडून जातात, असर थोडा वेळच टिकतो.

तंबाखूचा काढा मात्र टाळाच. झाडातून आलं म्हणून निकोटिन सौम्य होत नाही. ते फवारणाऱ्याच्या कातडीतूनही शरीरात शिरतं.

(दृश्य: नारिंगी भक्षक कोळी अंडं शोषताना)

आणि हा नासपतीच्या आकाराचा, झपझप चालणारा नारिंगी कोळी पाहा. हा कोळीच खातो. तेल त्यालाही सोडत नाही. पानापानावर तो सापडत असेल, तर पंप खाली ठेवा आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा मोजा. फवारायचंच ठरलं, तर आधी चार-दोन रोपांवर मारून दोन दिवस पानांच्या कडा तपासा.