तेरा राज्ये आणि रिकामा खजिना

(दृश्य: यॉर्कटाउन, नदीकाठचे मातीचे मोर्चे)

१९ ऑक्टोबर १७८१. व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिसच्या ब्रिटिश फौजेने शस्त्रे खाली ठेवली. पाच वर्षांनी हाच कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात उतरला. इकडे अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनी ब्रिटनविरुद्धची स्वातंत्र्याची लढाई मारली होती, पण त्यांच्या काँग्रेसकडे, म्हणजे प्रतिनिधींच्या सभेकडे, सैनिकांचा थकलेला पगार चुकवायला पैसा नव्हता आणि तो वसूल करण्याचा अधिकारही नव्हता.

तो अधिकार जाणूनबुजून दिलेला नव्हता. लंडनच्या पार्लमेंटमध्ये वसाहतींचा एकही प्रतिनिधी नसताना तिथून कर लादले जात, भांडणाचे मूळच ते. म्हणून पहिली राज्यघटना, म्हणजे ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’, लिहिताना तिजोरीची किल्ली आता राज्ये झालेल्या या वसाहतींनी आपल्याकडेच ठेवली. काँग्रेसने ती नोव्हेंबर १७७७ मध्ये मंजूर केली. अमलात यायला मात्र १ मार्च १७८१ उजाडला, कारण तेराही राज्यांची संमती हवी होती आणि मेरीलँड अडून बसले होते. व्हर्जिनियासारख्या राज्यांनी पश्चिमेकडच्या अफाट जमिनीवरचा दावा आधी सोडावा, ही त्याची अट.

(दृश्य: घटनेचा हस्तलिखित कागद)

या घटनेत राज्य लहान असो की मोठे, मत एकच. कारभार चालवणारा राष्ट्राध्यक्ष नाही, देशाची न्यायव्यवस्था नाही. युद्ध, तह, कर्ज यांसाठी नऊ राज्यांची मते लागत, आणि घटनेतला एक शब्द बदलायचा तर तेराही. पैसा हवा असला की काँग्रेस प्रत्येक राज्याचा वाटा ठरवून मागणी पाठवी. राज्ये थोडे देत, उशिरा देत, कधी देतच नसत. सक्ती करण्याची तरतूद नव्हती.

त्याआधी युद्धाचा खर्च नोटा छापून भागवला होता. २० कोटी डॉलरहून जास्त कागद बाजारात आला, आणि १७८० मध्ये काँग्रेसनेच त्याचा भाव ४० कागदी डॉलरला चांदीचा १ डॉलर असा ठरवला. पुढच्या वर्षी आयात मालावर ५ टक्के जकातीचा प्रस्ताव आला. तो बुडायला ऱ्होड आयलंड या सर्वांत लहान राज्याचा नकार पुरेसा झाला. जून १७८३ मध्ये पगारासाठी चिडलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात सभागृहाला वेढा घातला, तेव्हा काँग्रेसला प्रिन्स्टनला निघून जावे लागले.

सर्वांत मोठा धक्का मॅसॅच्युसेट्समध्ये बसला. राज्याने युद्धकर्ज फेडण्यासाठी जबर कर लावले. रोख नाणे नसलेल्या शेतकऱ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या. १७८६ मध्ये त्यांनी न्यायालये बंद पाडली. त्यांत डॅनियल शेजसारखे युद्धात लढलेले लोक होते. जानेवारी १७८७ मध्ये ते स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. हे बंड मोडणाऱ्या फौजेचा खर्च श्रीमंत व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून उचलला. देशाच्या सरकारला तेवढेही जमले नव्हते.

(दृश्य: फिलाडेल्फियाचे सभागृह)

मे १७८७ मध्ये इथे राज्यांच्या प्रतिनिधींची परिषद भरली. काम जुनी घटना दुरुस्त करण्याचे, पण दार बंद करून त्यांनी नवीच लिहिली. १६ जुलैला तडजोड झाली: एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, दुसऱ्यात, म्हणजे सिनेटमध्ये, प्रत्येक राज्याला समान. त्या मोजणीत गुलाम माणूस पाचातला तीन हिस्से धरला. त्याला मत नाही, त्याच्या संख्येवर मालकाच्या राज्याला जास्त जागा. स्वातंत्र्याच्या नावाने उभ्या राहिलेल्या राज्यघटनेतला हा उघड अन्याय होता.

नव्या घटनेने कर लावण्याचा अधिकार थेट काँग्रेसला दिला. मंजुरीची वाटही बदलली. तेराची अट ठेवली असती तर पुन्हा एकाच राज्याने सगळे अडवले असते, म्हणून नऊ पुरेशी ठरवली, आणि निर्णय विधिमंडळांऐवजी खास निवडलेल्या परिषदांकडे सोपवला. २१ जून १७८८ रोजी न्यू हॅम्पशायर नववे ठरले.

३० एप्रिल १७८९ ला जॉर्ज वॉशिंग्टन यांनी न्यूयॉर्कमध्ये पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली. ४ जुलैला आयात जकातीच्या कायद्यावर त्यांची सही झाली. बहुतेक किरकोळ मालावर दर तोच, ५ टक्के. ऱ्होड आयलंड अजून बाहेरच होते. मे १७९० मध्ये त्याच्याशी व्यापार तोडण्याचे विधेयक सिनेटने मंजूर केले, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला तिथल्या परिषदेने ३४ विरुद्ध ३२ मतांनी राज्यघटना स्वीकारली.