पहाटेची लस

(दृश्य: लातूर-धाराशिवच्या सीमेवरचा कच्चा रस्ता. दोन्ही बाजूंना तुरीचं रान, पुढं पुनर्वसनातली गावं.)

मराठवाड्यात माणूस गेला की तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. पाहुणे येतात, भाऊबंद येतात, पुढारीही येऊन जातात. चौदाव्या दिवशी मांडव उतरतो आणि घरात राहते ती बाई, तिची लेकरं, म्हातारे सासू-सासरे आणि सोसायटीच्या कर्जाचा कागद. काही वर्षांनी हीच बाई एखादं नवं काम धरून उभी राहिलेली दिसली की गाव म्हणतं, "लई खंबीर हाय." ती खंबीर कशानं झाली, कुणी हात दिला, कुणी अडवलं, हे मात्र कुणी सांगत बसत नाही. आम्हाला या फिल्ममध्ये तेच दाखवायचं आहे.

आधी थोडं मागं जाऊ. किल्लारी, मंगरूळ, तळणी, सास्तूर, होळी. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा घरी आले, झोपले, आणि पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. इथल्या जुन्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या, दोन-दोन तीन-तीन फूट जाडीच्या. वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर माळवद. पाऊस गळू नये, उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून माळवदावर मातीचे थर चढत गेलेले. त्या पहाटे तीच माती आणि तेच दगड झोपलेल्या माणसांवर आले. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसं गेली. बावन्न गावं पूर्णपणे दुसरीकडं वसवावी लागली.

(दृश्य: जुन्या गावठाणात उभ्या राहिलेल्या अर्ध्या भिंती, वर उगवलेली रानबाभळ.)

भूकंपाच्या बातम्यांत तेव्हा बाया दिसल्या त्या रडताना. त्यानंतर जे घडलं ते फारसं छापून आलं नाही. जी गावं हलवायची नव्हती, पण जिथल्या घरांना तडे गेले होते, तिथं दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम सरकारनं हाती घेतला. गावांची संख्या बाराशेच्या घरात. पैसे हप्त्यानं थेट घरमालकाला मिळणार आणि घर त्यानंच दुरुस्त करून घ्यायचं. पण इंजिनिअरची भाषा गावाला कळेना आणि गावाची अडचण इंजिनिअरला. मग गावोगावी बाया नेमल्या गेल्या. त्यांचं पद होतं 'संवाद सहायक'. हे काम उभं करण्यात स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था आणि तिच्या संस्थापक प्रेमा गोपालन यांचा मोठा वाटा होता.

काल-परवापर्यंत रोजानं खुरपायला जाणाऱ्या या बाया. कुणाच्या माहेरची, कुणाच्या सासरची माणसं त्या पहाटे गेलेली. आता त्यांच्या हातात वही आली. भिंतीत आरपार जाणारा दगड कुठं बसवायचा, दारं-खिडक्यांच्या डोक्यावरून काँक्रीटचा पट्टा का फिरवायचा, माळवदावरची माती किती उतरवायची, हे त्या शिकल्या आणि दुसऱ्यांना सांगू लागल्या. गवंड्याला "हितं दगड घातला न्हाईस" म्हणणारी बाई गावानं पहिल्यांदा पाहिली ती तेव्हा. २००१ मध्ये कच्छ हादरलं तेव्हा याच भागातल्या बाया गुजरातेत गेल्या आणि तिथल्या बायांच्या शेजारी बसल्या. त्यांना गुजराती येत नव्हती. ढिगाऱ्यातून संसार वेचायचा कसा, हे सांगायला ती लागलीही नाही.

मराठवाड्यात आज बचत गटांचं जे जाळं दिसतं, त्यातले काही धागे थेट त्या दिवसांत जाऊन मिळतात. ज्या बाईची गोष्ट आम्ही सांगणार आहोत, ती भूकंपाच्या वेळी परकर-पोलक्यातली पोर होती. तिच्या घराचं माळवद पडलं नाही. तिच्यावर दुःख आलं ते वीस-बावीस वर्षांनी, वेगळ्या वाटेनं.

(दृश्य: सोयाबीनचं रान. बांधावर बसलेली बाई, पाठमोरी.)

त्यांचं नाव आणि गाव आम्ही सांगत नाही. त्यांनी तशी विनंती केली आणि ती रास्त आहे. आपण त्यांना ताई म्हणू.

२०१२ नंतर दुष्काळ मराठवाड्याच्या मागं हात धुऊन लागला. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 'जलदूत' एक्स्प्रेसच्या पहिल्या फेरीत पाच लाख लिटर आलं. टीव्हीवर ते सगळ्या देशानं पाहिलं. ताईंचे मालक त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेले. कसे गेले हे आम्ही विचारलं नाही. बोअर दोनदा मारला होता, दोन्ही कोरडे, एवढं त्यांनी आपण होऊन सांगितलं.

शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर कुटुंबाला एक लाख रुपये द्यायची तरतूद राज्यात २००६ पासून आहे. तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. त्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. कुटुंबाच्या नावावर जमीन हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं आणि ते थकलेलं हवं. ताईंच्या घरचं मोठं कर्ज होतं बिनपरवाना सावकाराचं. त्याला कसला आलाय कागद! व्याज तोंडी आणि वसुलीही तोंडी. प्रकरण बसलं नाही. या एका अटीवर किती घरं अडकून राहतात याची कल्पना शहरात बसून येत नाही. सगळ्यात गरीब माणूसच बिनकागदाच्या कर्जात असतो आणि मदतीच्या वेळी नेमका तोच बाहेर राहतो.

बैलजोडी विकून ताईंनी सावकाराचं देणं कमी केलं.

दुसरा अडथळा जमिनीचा. नवऱ्याच्या नावावर जमीन असती तर कायद्यानं विधवा बायको, मुलं आणि सासू यांची वारस म्हणून नोंद लागली असती. इथं सातबारा सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे हयात. म्हणजे ज्या रानात ताईंनी पंधरा वर्षं पेरलं, खुरपलं, काढलं, त्या रानाच्या कागदावर त्यांचं नाव यायला जागाच नव्हती. पीककर्ज, पीकविमा, अनुदान, सगळं सातबाऱ्यावर चालतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं बाईच्या नावावर जमीन करून द्या म्हणून लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, त्याला तीस वर्षांहून जास्त काळ लोटला. तेव्हा काही गावांनी ते करूनही दाखवलं. बाकीच्या गावांत अजूनही विधवा बाईला आपल्याच रानात परक्यासारखं राबावं लागतं.

ताई पुढं मजुरीला गेल्या. एक हंगाम ऊसतोडीची उचल घ्यायचाही विचार केला, पण लेकरांची शाळा बुडेल म्हणून पाय मागं घेतला. मग एका ठिकाणाहून शिलाई मशीन मिळालं.

इथं थोडं थांबून बोलायला हवं. बाईचा नवरा गेला की तिला शिलाई मशीन द्यायची रीतच पडली आहे. देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण तीनशे उंबऱ्यांच्या गावात आधीच चार बाया ब्लाऊज शिवत असतील, तर पाचवीनं शिवायचं कुणाचं? तिला काय येतं, गावाला कशाची गरज आहे, हे विचारायचं राहून जातं. ताईंचं मशीन आजही घरात आहे. त्याच्यावर टोपली ठेवलेली असते.

त्यांना येत होतं ते जनावरांचं. हे पहिल्यांदा ओळखलं त्यांच्या गटाच्या अध्यक्ष मावशींनी, ज्या स्वतः भूकंपानंतर संवाद सहायक म्हणून फिरल्या होत्या. बचत गटांसाठीच्या सरकारी उमेद अभियानातून पशुसखीचं, म्हणजे गावातल्या जनावरांची प्राथमिक देखभाल करणाऱ्या बाईचं, प्रशिक्षण होतं. मावशींनी ताईंचं नाव परस्पर दिलं आणि मग घरी येऊन सांगितलं. सासू म्हणाली, "बाईमाणसानं जनावराला सुया टोचत फिरायचं?" मावशी तिथंच बसून राहिल्या. चहा झाला, पुन्हा चहा झाला. संध्याकाळी सासू म्हणाली, "जाऊ द्या बगू."

(दृश्य: पहाट. एका गोठ्यात कंदिलाएवढा दिवा. काळ्या शेळ्या.)

हा भाग उस्मानाबादी शेळीचा. काळी कुळकुळीत, काटक, बाभळीच्या शेंगांवर आणि तुरीच्या भुसकटावरही तगणारी, आणि बऱ्याचदा जुळी करडं देणारी. पीक गेलं तरी शेळी विकून शाळेची फी निघते, दवाखाना निघतो. म्हणून शेळी मेली की गरिबाच्या घरातली साठवलेली रक्कमच जाते. आणि शेळ्या मरतात त्या बहुतेक टाळता येणाऱ्या रोगांनी. पावसाळ्याच्या तोंडाला कोवळं हिरवं गवत खाऊन येणारा आंत्रविषार, कळपच्या कळप झोपवणारा पीपीआर हा साथीचा रोग, आणि बारा महिने पोटातले जंत.

ताई काम कसं करतात ते पाहा. शेळीजवळ उकिडवं बसतात. अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढतात. आतून लालसर-गुलाबी असली तर सोडून देतात. पांढुरकी दिसली की म्हणतात, "हिच्या पोटात जंत हायेत, रगत पिऊन राह्यले." मग लसीचा डबा उघडतात. आत बर्फ. लस थंड राहिली पाहिजे, डबा तापला की लस वाया. पीपीआरची कुपी कोरड्या भुकटीची असते. ती द्रावणात मिसळली की घड्याळ सुरू होतं, तास-दोन तासांत संपवायची. चिमटीत कातडी उचलायची, तंबूसारखी झाली की तिच्या पोकळीत सुई सरकवायची. शेळी एकदा अंग झाडते आणि पुन्हा भुसकटाकडं वळते.

हे सगळं उन्हं चढायच्या आणि शेळ्या चरायला सुटायच्या आत व्हावं लागतं. म्हणजे पहाटे.

या गावांत काही माणसं अजून अशी आहेत की सकाळी घराबाहेर पडताना विधवा समोर आली तर माघारी फिरतात. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला ताईंना बोलावणं नसतं. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरकारनं इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. मराठवाड्यात ते पोचलं, पण उंबऱ्याच्या आत सगळीकडं गेलं नाही. आणि तरी याच गावात आता लसीच्या दिवशी दिवस उगवायच्या आत ताईंच्या दाराची कडी वाजते. "ताई, आधी आमच्याकडं या." सकाळी सकाळी त्यांचं तोंड पाहावं लागू नये म्हणणाऱ्या घरातली सूनही बोलवायला येते. ताई जातात. एका शेळीमागं ठरलेले थोडे पैसे घेतात आणि वहीत लिहून ठेवतात.

आम्ही विचारलं, राग येत नाही का? त्या म्हणाल्या, "शेळीचा काय दोष?"

(दृश्य: तहसील कार्यालयाबाहेरचा ओटा. फायली घेतलेली माणसं.)

कमाई हातात खेळू लागली तसं घरात त्यांचं म्हणणं ऐकलं जाऊ लागलं. सासऱ्यांनी एक दिवस स्वतःहून वाटणीचा विषय काढला. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी सगळ्या हिस्सेदारांच्या संमतीनं तहसीलदारांपुढं करता येते. संमती, हा त्यातला अवघड शब्द. दिराची सही मिळायला फार दिवस गेले. ती मिळवली मावशींनी आणि गटातल्या बायांनी, दर आठवड्याला त्याच्या दारात जाऊन. आता दीड एकराच्या सातबाऱ्यावर ताईंचं नाव आहे. तो कागद त्यांनी आम्हाला प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखवला. घरात देवीच्या फोटोमागं ठेवलेला असतो.

एखादी बाई सावरते तेव्हा तिच्या मनाच्या ताकदीचं कौतुक जरूर करावं. पण हातात कसब, नावावर कागद आणि दिराच्या दारात सोबत येणारी दुसरी बाई, हे तिन्ही नसतं तर ताईंची ताकद रोजंदारीतच जिरली असती. अशा कितीतरी ताकदवान बाया या क्षणी कुणाच्या तरी बांधावर खुरपं चालवत आहेत.

आणि सावरणं म्हणजे विसरणंही नव्हे. ताई बैलपोळ्याच्या दिवशी काम घेत नाहीत. आदल्या दिवशी खांदमळणीला गावात सगळे बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळत असतात आणि त्यांच्या गोठ्यात बैल नाही. त्या दिवशी त्या लेकीला घेऊन बहिणीकडं जातात. दुसऱ्या दिवशी परत येतात. दरवर्षी. यात दुबळेपणा काही नाही असं आम्हाला वाटतं. आतून फार दाटून आलं तर बोलायला माणूस हवं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवस-रात्र चालू असतो, मराठीतून बोलता येतं. गावातल्या आशाताईंनाही सांगता येतं. घरातल्या पुरुषालाही हे सांगा, कारण तो सहसा कुणाशी बोलत नाही.

(दृश्य: गटाची बैठक. सतरंजीवर बसलेल्या बाया, मधोमध लसीचा डबा.)

शेजारच्या वस्तीत शेळ्या वाढल्या आहेत आणि पावसाळ्याआधी एकट्या ताईंच्यानं सगळ्यांना लस देणं होत नाही. त्यांनी गटात विषय मांडला की अजून दोघी तयार करू. एक पुढं आली. दुसरी कोपऱ्यात बसून होती, पदर तोंडावर ओढलेला. तिचा नवरा जाऊन अजून वर्षश्राद्ध व्हायचं आहे. नवऱ्याच्या नावावर दोन एकर रान आहे, पण वारस नोंदीचा अर्जच कुणी केलेला नाही.

ताईंनी तिला प्रशिक्षणाची तारीख नंतर सांगितली. आधी विचारलं, "मृत्यूचा दाखला हाय का तुझ्याजवळ? उद्या घेऊन ये. तलाठ्याकडं आपण दोघी जाऊ."