वाळू, मधमाश्या आणि मेंढीची कात्री

नमस्कार. माइक येतोय ना मागपर्यंत? बरं.

पोलंडचा नकाशा काढलात तर वॉर्सॉच्या वर, ईशान्येला साधारण शंभरेक किलोमीटरवर ओस्ट्रोवेंका म्हणून शहर सापडेल आणि त्याच्या उत्तरेला जो जंगलाचा हिरवा पट्टा दिसतो ना, तो कुर्पी लोकांचा मुलूख. गावं छोटी छोटी, काजिद्वो, मिशिन्येत्स, वीसे. मला विचाराल तर या भागाची सगळी गोष्ट वाळूपासून सुरू होते. शेवटच्या हिमयुगात उत्तरेकडे बर्फाची प्रचंड भिंत होती, ती वितळली तसं पाणी दक्षिणेकडे धावलं आणि वाळूचे थरच्या थर टाकून गेलं. ओमुलेव, रोझोगा, श्क्वा, पिसा या नद्या आजही त्याच उतारावरून जवळजवळ समांतर वाहत नारेव नदीला मिळतात. मधे मधे दलदल, आणि समुद्र लांब असूनही वाळूच्या टेकड्या.

आता अशा जमिनीत गहू काय पिकणार, कपाळ! पाइन मात्र मस्त वाढतो. म्हणजे शेती नाही, म्हणून जमीनदाराला इथे फारसा रस नाही, म्हणून बाकी पोलंडमधला शेतकरी सरदाराच्या शेतावर फुकट राबत होता तेव्हा हे लोक बऱ्यापैकी मोकळे होते. जंगल राजाचं, आणि राजाला खंड द्यायचा तो मधात.

मध काढायची पद्धत ऐका. पेटी नाही, काही नाही. शंभरेक वर्षांचा जिवंत पाइन निवडायचा, दोराने वर चढायचं, फळीवर बसून लांब दांड्याच्या छिन्नीने खोडात हातभर ढोली कोरायची आणि तोंडावर फळी लावून माश्यांपुरती फट ठेवायची. या ढोलीला म्हणतात बार्च. झाड कुणाचं हे कळावं म्हणून सालीवर मालकाची खूण. अस्वलाचा बंदोबस्तही भारी होता, ढोलीसमोर एक जड ओंडका टांगून ठेवायचे, अस्वल तो ढकलणार, तो झुलून परत येऊन त्यालाच बसणार, ते चिडून आणखी जोरात ढकलणार... पुढचं तुम्ही समजलात.

याचे कायदेही लिहिलेले होते, १६१६ चा एक प्रसिद्ध आहे, आणि दुसऱ्याच्या माश्या उद्ध्वस्त करणाऱ्याला त्यात थेट मृत्युदंड. पोलिश भाषेत एक गंमत आहे, जनावर मेलं तर एक क्रियापद आणि माणूस गेला तर दुसरं, आणि मधमाशीला माणसाचं लावतात. आपण नाही का, बैल मेला म्हणतो पण आजोबा वारले म्हणतो, तसंच.

जंगलात राहणारे म्हटल्यावर नेमबाजही होतेच. १७०८ च्या जानेवारीत स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स फौज घेऊन इथून निघाला तर यांनी त्याला दलदलीतल्या वाटेवर अडवलं. आणि एवढ्या ताठ लोकांचं नाव कशावरून पडलं, तर लिंडनच्या सालीच्या चपलांवरून! शेजाऱ्यांनी चिडवायला ठेवलेलं, यांनी तेच मिरवलं.

१९व्या शतकात ढोलीतलं मधपालन बंद पडत गेलं, पुढे पोलंडमधून जवळपास संपलंच. या शतकात काही मंडळींनी रशियातल्या बश्किर मधपाळांकडून ते परत शिकून घेतलं, आणि २०२० मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत पोलंड आणि बेलारूसचं मिळून नाव लागलं. मला हे फार आवडतं, स्वतःच्या आजोबांची कला परक्याच्या आजोबांकडून शिकायची.

आडाम खेतनिक या माणसाचं नाव घ्यायलाच हवं. त्याने १९२७ मध्ये नोवोग्रुतला नारेवच्या काठावर जुनी लाकडी घरं आणून उघड्यावरचं म्युझियम उभं केलं. १९३९ च्या लढाईत गाव आणि म्युझियम दोन्ही बेचिराख झालं, आणि युद्धानंतर पठ्ठ्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

खाण्याचं पटकन सांगतो. गाजर, मध आणि चक्क मिरी घातलेली कडक बिस्किटं, फाफेर्नुखी. सोबत जुनिपरच्या फळांची हलकी बिअर. बिअरला पोलिशमध्ये पिवो, पण कुर्पी माणूस म्हणणार प्सिवो, तिथेच ओळखायचा. वीसे गावात ईस्टरच्या आधीच्या रविवारी कागदी फुलं आणि जंगलातली हिरवळ बांधलेल्या काठ्या चर्चमध्ये आणतात, काही दोन मजली घराएवढ्या उंच, १९६९ पासून स्पर्धाच असते.

आणि आता हा कागद. तिथे बायका मेंढीची लोकर कापायच्या कात्रीने, पेन्सिलीची एक रेघ न मारता नक्षी कापतात आणि पूर्वी सणाला चुना दिलेल्या भिंतीवर चिकटवायच्या. उभी एकच घडी घालून कापलेल्या झाडाला म्हणतात लेलुया, बुंध्याशी समोरासमोर कोंबडे. मी तीन दिवस प्रॅक्टिस केलीय, हसू नका. हे झाड... हा कोंबडा... ही शेपटी... आणि उघडलं की—

अरेच्चा. घडीच्या बाजूने कापलं गेलं. दोन अर्धी झाडं झाली. पहिल्या रांगेतल्या ताईंना एक द्या, दुसरं मी ठेवतो.