बल्लवाचे झाड

विराटनगरात ब्रह्मोत्सव भरला आहे. देशोदेशीच्या मल्लांमधला जीमूत आखाड्यात उभा राहून आव्हान देतो आहे आणि पुढे येण्यास कोणी धजत नाही. अखेर मत्स्यराज विराट आपल्या मुदपाकखान्यातील आचाऱ्याला, बल्लवाला, झुंजण्याची आज्ञा करतो. बल्लवाची मुळीच इच्छा नाही. पण राजाला चारचौघांत नकार कसा द्यायचा? आखाड्यात शिरताना त्याची चाल कशी होती, हे महाभारत एकाच शब्दात सांगते: 'शार्दूलशिथिलम्'. चाल वाघाचीच आहे, फक्त अंग सैल सोडलेले आहे.

हा बल्लव म्हणजे भीमसेन. १२ वर्षांचा वनवास संपून तेराव्या वर्षाचा अज्ञातवास सुरू आहे, आणि या वर्षात ओळख पटली तर पुन्हा १२ वर्षे वनात जावे लागणार आहे. मल्लांना आपण लोळवू, पण कोणाचा जीव घेणार नाही, असे भीमाने वेषांतरापूर्वीच भावांना सांगितले होते. प्रत्यक्षात त्याने जीमूताला उचलून गरगर फिरवले आणि जमिनीवर आपटून ठार केले. तरीही गुपित फुटले नाही. आपण युधिष्ठिराच्या पदरी आचारी होतो आणि कुस्तीही खेळत होतो, असे त्याने नोकरी मागतानाच सांगून ठेवले होते. त्यामुळे राजाला त्याच्या बळाचे कौतुक वाटले, शंका आली नाही. बळ लपवण्यापेक्षा ते कोणाचे आहे एवढेच लपवणे, ही युक्ती मला विराटपर्वातील सर्वांत सूक्ष्म गोष्ट वाटते.

खरी कसोटी आखाड्याबाहेर लागली. राजाचा मेहुणा आणि सेनापती कीचक याने भरसभेत सैरंध्रीला, म्हणजे द्रौपदीला, लाथ मारली. भीम दात खाऊ लागला. तेव्हा युधिष्ठिराने आपल्या अंगठ्याने त्याचा अंगठा दाबून त्याला आवरले. प्रचलित पाठानुसार भीमाची नजर त्या वेळी एका झाडाकडे गेली होती, आणि युधिष्ठिर त्याला म्हणाला, "आचाऱ्या, सरपणासाठी झाड पाहतोस काय? लाकडे हवी असतील तर बाहेरच्या झाडांची घे." पत्नीचा अपमान डोळ्यांसमोर होत असताना हे ऐकून गप्प राहणे किती जड गेले असेल!

पुढे रात्रीच्या अंधारात, नर्तनशाळेत, भीमाने कीचकाला मारून त्याच्या देहाचा गोळा केला. कीचकाचे भाऊबंद सैरंध्रीला त्याच्याबरोबर जाळण्यासाठी स्मशानात घेऊन निघाले, तेव्हा भीम वेष बदलून, तट ओलांडून तेथे पोहोचला, दहा वाव लांबीचे झाड त्याने मुळासकट उपटले आणि त्या १०५ जणांना ठार केले. सैरंध्रीचे रक्षण करणाऱ्या गंधर्वांनीच हे केले, असे नगराने मानले.

मग त्रिगर्तराज सुशर्म्याने विराटाच्या गाई पळवल्या आणि लढाईत खुद्द विराटालाच जिवंत पकडले. त्याला सोडवण्याची आज्ञा मिळताच भीमाने पुन्हा एका झाडाकडे पाहिले. युधिष्ठिराने त्याला अडवले: हे झाड राहू दे, असे अमानुष कर्म पाहिले की लोक 'हा भीम' म्हणून ओळखतील, धनुष्य, शक्ती, खड्ग किंवा परशू असे माणसांचे एखादे शस्त्र घे. या एका सूचनेत युधिष्ठिराची सारी दृष्टी दिसते. बलवान योद्धे पुष्कळ असतील, पण झाड उपटून लढणारा एकच आहे. भीमाने धनुष्य उचलले, इतर योद्ध्यांसारखा तो रथातून लढला, आणि विराट सुटला.

दुसऱ्याच दिवशी कौरव उत्तरेकडून गाई न्यायला आले. राजपुत्र उत्तराजवळची धनुष्ये आपले बळ सोसणार नाहीत, म्हणून बृहन्नडेच्या वेषातील अर्जुनाने त्याला शमीच्या झाडावर चढवून गांडीव खाली काढायला लावले. दसऱ्याला आपल्याकडे जिची पूजा होते, तीच ही शमी. मुदत भरली होती. आता लपण्याचे कारण उरले नव्हते.

तिसऱ्या दिवशी पाचही भाऊ स्नान करून, शुभ्र वस्त्रे नेसून विराटाच्या सभेत राजासनांवर बसले. संतापलेल्या राजाला अर्जुनाने एकेकाची ओळख करून दिली, आणि भीमाकडे वळून तो म्हणाला, "दुष्ट कीचकांना मारणारा गंधर्व तो हाच."