डबी कशानं धुता?

नमस्कार, श्रोतेहो.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारं कुणी माझ्यासमोर खुर्चीत येऊन बसलं, की मी आधी नंबर विचारत नाही. मी विचारते, "लेन्सची डबी कशानं धुता?" आणि उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. "पाण्यानं. अगदी स्वच्छ पाण्यानं." काही जण तर जरा अभिमानानंच सांगतात, "उकळून गार केलेल्या पाण्यानं." मग मी नाही म्हटलं की ते माझ्याकडे असं बघतात, जणू मी त्यांना चिखलानं डबी घासायला सांगितली!

त्यांचा तरी काय दोष? पाणी घातलं की वस्तू स्वच्छ होते, हे आपल्याला कळत्या वयापासून शिकवलेलं असतं. डोळ्यात काही गेलं तर आई आधी पाण्याचा हबकाच मारते. पण लेन्सच्या बाबतीत हीच सवय आपल्यावर उलटते. आज मी तुमच्याशी मुख्यतः या एका गोष्टीवर बोलणार आहे.

आधी ही लेन्स असते तरी काय, ते बघू. बहुतेक लोक वापरतात ती मऊ लेन्स. ती शोधली ओटो विख्टर्ले नावाच्या चेक रसायनशास्त्रज्ञानं. १९६१च्या नाताळात त्यानं घरी बसून, मुलांच्या खेळण्यातले धातूचे सुटे भाग आणि सायकलचा डायनामो जोडून एक यंत्र केलं. त्या यंत्रात साचा गरगर फिरायचा आणि त्यात ओतलेल्या रसायनाची पातळ वाटी तयार व्हायची. ही गोष्ट मला फार आवडते, पण आज ती सांगायचं कारण वेगळं आहे. विख्टर्लेनं निवडलेला पदार्थ पाणी पिणारा होता, म्हणून तर लेन्स मऊ झाली. आजच्या मऊ लेन्ससुद्धा तशाच. काहींमध्ये वजनाच्या ३८ टक्के पाणी असतं, काहींमध्ये निम्म्याहून जास्त. म्हणजे दिसायला काचेसारखी असली तरी ती जातीनं स्पंजच. ज्यात बुडवाल, ते ती पिणार.

आता हा स्पंज नळाच्या पाण्यात बुडवला तर काय होतं? आपले अश्रू खारट असतात आणि लेन्स धुवायचं, भिजवून ठेवायचं सोल्युशनही त्याच खारटपणाचं बनवलेलं असतं. नळाचं पाणी तसं नसतं. ते लेन्समध्ये शिरलं की लेन्स फुगते, तिचा आकार बिघडतो आणि ती डोळ्याला घट्ट चिकटते. ती ओढून काढताना कॉर्नियावर बारीक ओरखडे उठतात. कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या काळ्या भागावरची पारदर्शक काच. तिची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर.

आणि त्या ओरखड्यांची वाट बघणारं कुणीतरी त्याच पाण्यात असतं. त्याचं नाव अकॅन्थअमीबा. हा एकपेशीय जीव मातीत, तळ्यात, पोहण्याच्या तलावात आणि नळाच्या पाण्यातही आढळतो. आपण ते पाणी पितो आणि आपल्याला काही होत नाही. पण परिस्थिती प्रतिकूल झाली की हा अमीबा स्वतःभोवती दुहेरी कवच बांधून पडून राहतो. पिण्याच्या पाण्यात घालतात तेवढं क्लोरीन त्या कवचाचं काही बिघडवू शकत नाही. लेन्सवर बसून तो कॉर्नियात शिरला, की उपचार आठवड्यांचे नसतात, महिन्यांचे असतात. डोळा लाल दिसतो त्या मानानं दुखणं भयंकर असतं. बरा झाला तरी काही वेळा डोळ्यात फूल, म्हणजे पांढरा डाग, पडतं आणि मग कॉर्निया बदलायची वेळ येते. हा आजार विरळा आहे, उगाच घाबरवत नाही. पण ज्यांना होतो त्यांच्यात लेन्स वापरणारेच फार मोठ्या संख्येनं असतात.

"पण उकळलेलं पाणी?" उकळताना अमीबा मरतो, खरं आहे. पण नंतर ते पाणी उघड्या भांड्यात गार होतं, त्यात हात लागतो, आणि खारटपणाचा प्रश्न तसाच राहतो. बरं, मीठ घालून घरीच सोल्युशन केलं तर? तेही करून झालंय. पूर्वी मिठाच्या गोळ्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून लोक घरी सलाईन बनवत. १९८०च्या दशकात अमेरिकेत या अमीबाच्या रुग्णांची चौकशी झाली, तेव्हा त्यांच्यात असं घरगुती सलाईन वापरणारे ठळकपणे पुढे आले.

तेव्हा आंघोळीला जाताना लेन्स काढून जा. पोहताना तर नक्कीच काढा. लेन्स खाली पडली म्हणून थुंकी लावून परत घालणारे मी पाहिले आहेत. त्यांना हात जोडून नमस्कार! तोंडातले जंतू डोळ्याला देण्याचा याहून सोपा मार्ग नाही. कडक लेन्स वापरणाऱ्यांनाही पाण्याच्या बाबतीत सूट नाही.

पाणी एका ठिकाणी मात्र हवंच, हात धुताना. साबणानं नीट धुवायचे आणि मग कोरडे करायचे. कोरडे करणं लोक विसरतात. ओल्या बोटानं लेन्स उचलली की नळाचं पाणी आलंच तिच्यावर. टॉवेल तंतू न सोडणारा हवा, नाहीतर दिवसभर डोळ्यात खुपत राहील.

रोज फेकायच्या लेन्स असतील तर डबीची भानगडच नाही, आणि परवडत असेल तर मी त्याच सुचवते. बाकीच्यांनी लेन्स काढली की तळहातावर ठेवून, सोल्युशनचे थेंब टाकून बोटानं हलकेच चोळायची. बाटलीवर 'चोळण्याची गरज नाही' असं लिहिलेलं असलं तरी चोळा, कारण चिकटलेला थर नुसतं भिजवून सुटत नाही. मग सोल्युशननंच धुऊन डबीत. डबीतलं कालचं सोल्युशन ओतून टाकायचं. त्याच शिळ्या सोल्युशनमध्ये वरून चार थेंब ताजे घालून पुरवठ्याला आणणारे बरेच आहेत. पण जंतू मारण्याची ताकद काल रात्रीच खर्च झालेली असते, ती चार थेंबांनी परत येत नाही. सकाळी लेन्स घातल्या की डबी सोल्युशननं खळबळायची, स्वच्छ टिश्यूनं पुसायची आणि उघडीच उपडी ठेवायची, शक्यतो न्हाणीघराबाहेर. तीन महिन्यांत डबी बदलायची. हायड्रोजन पेरॉक्साईडचं सोल्युशन वापरत असाल तर त्याच्या सोबत आलेल्याच डबीत पूर्ण वेळ ठेवल्याशिवाय लेन्स डोळ्यात घालू नका. डोळ्यात आग आग होईल.

पाण्याच्या खालोखाल दुसरा शत्रू म्हणजे झोप. "जरा डोळा लागला हो, मुद्दाम नाही झोपले." हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर ती पारदर्शक राहते. तिला लागणारा ऑक्सिजन ती मुख्यतः समोरच्या हवेतून घेते. डोळा मिटला की तो कमी होतो, आणि मध्ये लेन्स असेल तर आणखीच कमी. शिवाय पापण्यांची उघडझाप थांबते आणि लेन्सखालचे अश्रू साचून राहतात. लेन्स घालून झोपल्यानं डोळ्यात गंभीर इन्फेक्शन होण्याचा धोका सहा ते आठ पटींनी वाढतो. १९९९ सालापासून सिलिकॉन हायड्रोजेल नावाच्या पदार्थाच्या मऊ लेन्स बाजारात आल्या. त्यांतून ऑक्सिजन कितीतरी जास्त जातो. प्रश्न मिटला असं वाटलं होतं, पण रात्री घालून झोपणाऱ्यांची इन्फेक्शनं काही अपेक्षेसारखी कमी झाली नाहीत. तेव्हा पर्समध्ये, खिशात, जिथे असाल तिथे चष्मा जवळ असू द्या. लेन्स आली म्हणून चष्मा मोडीत काढायचा नसतो.

महिन्याच्या लेन्सचा महिना म्हणजे पाकीट उघडल्यापासूनचा महिना, तीस वेळा घालणं नव्हे. मैत्रिणीची रंगीत लेन्स पाच मिनिटांसाठीही घालू नका. आणि लेन्स डोळ्याच्या मागे जाऊन हरवत नाही. पापणीच्या आतलं अस्तर वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागालाच जोडलेलं असतं, मागे जायला वाटच नसते. फार तर ती वरच्या पापणीखाली दुमडून बसेल.

आता शेवटचं. डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सहन होत नाही, अंधुक दिसतंय, यातलं एकही असेल तर लेन्स लगेच काढा. घरात उरलेले थेंब घालत बसू नका, त्यात स्टेरॉईड असेल तर आजार आणखी बळावतो. उद्या बघू असंही म्हणू नका. लेन्सवाल्यांना गाठणारा स्यूडोमोनास नावाचा एक जंतू दिवस-दोन दिवसांत कॉर्नियाला भोक पाडू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत काढलेली लेन्स, डबी आणि सोल्युशनची बाटली घेऊन या, त्यांतूनच प्रयोगशाळेला जंतू सापडण्याची शक्यता असते. आणि हो, डबी मळकी आहे म्हणून लाजून ती निघण्यापूर्वी नळाखाली धुऊन आणू नका. जशी आहे तशीच आणा.

नमस्कार.